खडूने काढलेला शनी

दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला "दिसलं का?" असं विचारलं की तो "हो, हो" म्हणतो. मागे रांग असते, बायकामुलं बघत असतात, ताई एवढ्या आपुलकीने दाखवतायत, मग नाही कसं म्हणायचं? हा होकार बहुतेक वेळा भिडेचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याला खरंच दिसतं तो आयपीसपासून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापासून, हलत नाही, त्याला खांद्याला हात लावून बाजूला करावं लागतं. ज्याला काही दिसलेलं नसतं तो "मस्त!" म्हणून लगेच बाजूला होतो.

न दिसण्याचे प्रकार तरी किती. कोणी डोळा चार बोटं लांब धरतं, कोणी इतका चिकटवतं की पापण्यांशिवाय काही दिसू नये. कोणाला एकच डोळा मिटता येत नाही, एक मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. अशांना मी तळहाताने दुसरा डोळा झाकायला सांगते. काहीजण आयपीस चहाच्या कपासारखा दोन बोटांत धरतात आणि शनी गेला इमारतीच्या दिशेने. चष्मेवाल्यांचा वेगळाच पेच. जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं, सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवलेला बरा. हे सगळं विचारून घ्यायचं, तेही मागच्या लहान मुलांचा धीर सुटायच्या आत. आकाश दाखवण्याच्या कामात खगोलशास्त्र थोडंच लागतं. स्टूल, डोळे आणि रांग हेच फार सांभाळावं लागतं.

2025च्या नोव्हेंबरअखेरची मार्गशीर्ष शुक्ल अष्टमी. ठाण्यात मासुंदा तलावाच्या कडेला, म्हणजे तलावपाळीवर, संध्याकाळी साडेसातची गर्दी. चंद्र डोक्याशी आलेला, त्याच्या डावीकडे जरा अंतरावर शनी. आजूबाजूला हॅलोजनचा लख्ख उजेड. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्या उजेडात कसं दिसणार?" चंद्र आणि ग्रह स्वतःच इतके उजळ असतात की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. देवयानीतल्या दीर्घिकेसाठी वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी रात्र काढायला जावं, ते सुख निराळं. पण वांगणीला येतो तो आधीपासून आवड असलेला माणूस. तलावपाळीवर येतो तो पाणीपुरी खायला आलेला असतो, आणि मला तोच हवा असतो.

रस्त्यावर दुर्बीण लावायची ही कल्पना माझी नाही. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने ती रुजवली. जन्म 1915चा, बीजिंगमधला. अमेरिकेत बर्कलेला रसायनशास्त्र शिकून ते 1944 साली रामकृष्ण संघाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात दाखल झाले आणि 23 वर्षं संन्यासी म्हणून राहिले. संन्याशाकडे पैसा कुठला! जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून ते आरसे करायचे, नळीसाठी पुठ्ठा, बैठकीसाठी लाकडाचे तुकडे. दुर्बीण तयार झाली की ती ढकलत मठाबाहेर न्यायची आणि शेजारपाजारच्यांना दाखवायची. मठाला हे रुचेना. मग दुर्बिणीबद्दलच्या पत्रांत 'दुर्बीण' न लिहिता 'जिरेनियम' हे फुलझाडाचं नाव लिहायचं, अशी युक्ती झाली. 1967 साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत 'साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स' सुरू झालं, म्हणजे फूटपाथवरचे खगोलनिरीक्षक. 2014 साली वयाच्या 98व्या वर्षी ते गेले. आपल्या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. आज जगभरचे कारखाने त्यांच्या नावाने 'डॉब्सोनियन' दुर्बिणी विकतात आणि आम्ही त्यांना नुसतं 'डॉब' म्हणतो.

डॉब फूटपाथवर का टिकते, ते तिच्या बैठकीत आहे. प्लायवूडचं खोकं, त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे, ते सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर टेकलेले. टेफ्लॉनचा गुण असा की वस्तू हलवायला सुरुवात करताना आणि हलत असताना घर्षण जवळजवळ सारखंच राहतं. त्यामुळे झटका न बसता नळी बोटाने सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. मोटारवाली महागडी दुर्बीण एका पोराने धरून ओढली की तिचा सगळा हिशेब चुकतो, पुन्हा ताऱ्यांवर नेम धरून बसा. डॉब ओढली तर एवढंच होतं, की शनी निसटतो, आणि मी तो परत पकडते.

मोटार नाही म्हणजे पृथ्वी फिरतेय हे विसरता येत नाही. आमची आठ इंची डॉब, नाभीय अंतर 1200 मिलिमीटर. 10 मिलिमीटरचा आयपीस लावला की 120 पट मोठं दिसतं. त्या गोल खिडकीत आकाशाचा अर्ध्या अंशाहूनही थोडा कमी तुकडा मावतो आणि शनी तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेदोन मिनिटांत ओलांडतो. अगदी मधोमध ठेवून दिला तर मिनिटभरातच बाहेर. एखाद्या आजी पदर सावरत, काठी नातवाकडे देत, स्टुलाला धरत येईपर्यंत पलीकडे काळोख उरतो, आणि आजी सभ्यपणे म्हणतात, "दिसलं हो, छान आहे." म्हणून शनी मधे ठेवायचाच नाही. जिथून तो आत शिरतो त्या कडेला लावून द्यायचा, आजींना यायला वेळ मिळतो. आजी बघत असताना मी म्हणते, "सरकतोय ना? तो नाही सरकत, आपण सरकतोय." यावर काही माणसं दुर्बिणीतून डोळा काढून पायाखाली बघतात. असा क्षण कुठल्याही स्लाइडशोमध्ये मिळालेला नाही.

चंद्र दाखवणं सोपं. अष्टमीच का, पौर्णिमा का नाही, हे मात्र दर वेळी सांगावं लागतं. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीत, सगळं सपाट पांढरं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य तिरपा असतो, तिथे प्रत्येक विवराच्या कडेला काळीकुट्ट सावली पडते. अपेनाइन पर्वतरांग त्या दिवशी झकास दिसते. सुमारे 600 किलोमीटर लांब, काही शिखरं पाच किलोमीटरच्या घरातली. 1971 साली अपोलो 15 तिच्याच पायथ्याशी उतरलं होतं. हे मी बघणाऱ्याला आधी सांगत नाही. आधी सांगितलं की माणूस डोळ्याने बघायचं सोडून कानाने बघतो.

2023च्या ऑगस्टपासून चंद्रापाशी एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आपलं चांद्रयान दिसतं का?" आठ इंची आरशातून, हवा अगदी स्थिर असेल तर, चंद्रावरचं किलोमीटरभराचं काहीतरी कसंबसं वेगळं ओळखता येतं. विक्रम लँडर दोन-तीन मीटरचा. नाहीच दिसणार. पण डॉबमध्ये चित्र उलटं असतं, दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला. "वरच्या काठाच्या जवळ, त्या भागात आहे," एवढं सांगितलं की लोक त्या काठाकडे बघत राहतात. एका काकांनी तिथूनच फोनवर मित्राला सांगितलं की बघितलं. मी काही म्हटलं नाही.

शनीची गंमत मात्र त्या वर्षी अवघड झाली होती. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो आणि कललेला असल्यामुळे साधारण दर पंधरा वर्षांनी त्याची कडी आपल्याला कडेवरून दिसतात. 23 मार्च 2025ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली. त्यानंतर कडी जरा उघडली आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा जवळजवळ मिटली. लाखो किलोमीटर रुंद, पण जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच. कडेवरून त्यांचं काय दिसणार! पिवळट गोळा आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. ज्यांच्या डोक्यात पाठ्यपुस्तकातलं तिरकं, रुंद कडं पक्कं बसलंय, ते लोक हिरमुसतात. एका तरुणाने तर दुर्बीण स्वस्तातली आहे का, असं विचारलं. आमच्यातले काही जण अशा वर्षी शनी लावतच नाहीत. मला ते पटत नाही. एरवी कडी दिसली की लोक नळीच्या तोंडाशी जाऊन स्टिकर चिकटवलंय का बघतात. त्या वर्षी निदान चित्रात नसलेलं काहीतरी समोर होतं.

साडेसातीवाले असतातच. "माझी चालू आहे, बघितलं तर चालेल ना?" थट्टा करणाऱ्या स्वयंसेवकांचा मला राग येतो. माणूस भीत असूनही रांगेत उभा राहिलाय. मी एवढंच सांगते की तीस वर्षांत बारा राशी, म्हणून एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींची साडेसात. हा हिशेब शनीच्या फेरीवरूनच आलाय, आणि ती फेरी इथून दिसते. बघायचं की नाही, तुम्ही ठरवा. बहुतेक जण बघतात.

आता या भिडेच्या होकारावर उपाय काय? इतिहासात याच्या नेमकं उलटं घडलेलं आहे. एप्रिल 1610मध्ये गॅलिलिओ आपली दुर्बीण घेऊन बोलोन्याला गेला. गुरूचे चंद्र त्याने नुकतेच शोधले होते आणि ते विद्यापीठातल्या पंडितांना दाखवायचे होते. दोन रात्री बैठक झाली. मार्टिन होर्की नावाच्या तरुणाने नंतर खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवलं की हे यंत्र जमिनीवर उत्तम चालतं, आकाशात मात्र फसवतं, कोणालाच नीट काही दिसलं नाही. होर्कीच्या मनात आकस होता, हे खरं. पण त्या दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र इतकं चिमुकलं होतं की सराव नसलेल्याला तिच्यात गुरू सापडणंही मुश्कील असणार. जगातल्या पहिल्यावहिल्या आकाशदर्शन कार्यक्रमांपैकी एक असा सपशेल पडला, आणि पडला तो माणसं 'नाही' म्हणाली म्हणून. आमच्या तलावपाळीवर एवढा सडेतोडपणा नाही.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर केप्लरच्या हाती प्रागमध्ये एक दुर्बीण आली. कलोनच्या इलेक्टरकडची, म्हणजे तिथल्या शासकाकडची, थोड्या दिवसांसाठी मिळालेली. केप्लरने वेगळी रीत ठेवली. बघणाऱ्याने काय दिसलं ते बोलायचं नाही. दुसऱ्याला न दाखवता भिंतीवर खडूने काढायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून चित्रं ताडून बघायची. गुरूच्या चंद्रांना दुसरे साक्षीदार मिळाले ते असे.

2009 साली गॅलिलिओच्या दुर्बिणीची 400 वर्षं म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष साजरं झालं. 148 देश त्यात होते, एप्रिलमध्ये सलग 100 तास जगभर ठिकठिकाणी दुर्बिणी लागल्या. तेव्हापासून पत्रकं, पोस्टर, अॅप यांना तोटा नाही. केप्लरचा खडू मात्र कुठल्या संचात मला सापडला नाही. तो स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

त्या अष्टमीला आम्ही फरशीवर खडूचा डबा ठेवला. बघून झालं की शेजारच्या फरशीवर शनी काढायचा, आधीचं चित्र पुठ्ठ्याने झाकलेलं. सुरुवातीला मोठी माणसं लाजली, पोरं तुटून पडली. एका मुलीने गोळा काढून त्यातून टाचणीसारखी रेघ ओढली आणि बाजूला एक टिंब दिलं. तो शनीचा चंद्र टायटन होता, मी त्याच्याबद्दल बोललेही नव्हते. तिच्या वडिलांनी वळणदार, तिरकं, दोन पदरी कडं काढलं, त्यातली फटसुद्धा. त्या रात्री तसं कडं पृथ्वीवरून कुठूनच दिसत नव्हतं. दहाच्या सुमाराला पुठ्ठे उचलले तर अशी पुस्तकी कडी बरीच निघाली. ज्यांची होती ते पाणीपुरीच्या गाडीजवळ होते, म्हणून मी हाक मारली आणि त्यांना परत रांगेत उभं केलं. त्या मुलीचे वडील सर्वांत पुढे होते. "आता खरं सांगा," मी म्हटलं, "रेघ आडवी की तिरकी?" बराच वेळ ते आयपीसपासून हलले नाहीत. मागच्याने "अहो, सरका की" म्हटल्यावर ते म्हणाले, "थांबा हो, मला अजून दिसलेलं नाही."