डाग कुणाचा?

पितृपक्ष जवळ आला की भिंतीवरच्या तसबिरी पुसायला खाली उतरतात. त्यांतल्या काही पुन्हा खिळ्यावर न चढता पुण्याच्या एका पेठेतल्या अरुंद जिन्याने वर जातात. तिथे जुने फोटो दुरुस्त करणारे एक काका बसतात. ‘पणजोबांचा फोटो हल्ली मोबाइलवर क्षणात नवा होतो, मग हा माणूस दिवसदिवस करतो तरी काय, बघून या,’ असं संपादकांनी सांगितलं म्हणून मी गेलो. नाव छापायचं नाही, या अटीवर काकांनी बसू दिलं.

इतिहास थोडक्यात असा. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची युक्ती जाहीर झाली आणि १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे इथल्या पहिल्या फळीतले छायाचित्रकार. राजा दीनदयाळ यांनी १८९६मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. मग हळूहळू तालुक्याच्या गावीही रंगवलेला पडदा, खुर्ची आणि फुलदाणी पोचली. आपल्या घरांतले बहुतेक पूर्वज त्या खुर्चीवर बसलेले आहेत.

काकांच्या टेबलावर पगडीवाल्या गृहस्थांचा फोटो होता. चेहराभर ठिपके. मला वाटलं, हे पुसायचे आणि मोकळं व्हायचं. काकांनी भिंग पुढे सरकवलं. “आधी डाग कुणाचा ते ठरू द्या. काळाचा की माणसाचा?”

काळाचे डाग ते झटकन ओळखतात. तांबूस ठिपके बुरशीचे. कडेने पसरत आलेला पिवळेपणा मागच्या स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाचा. फोटो तिरका धरला की काळ्या भागावर निळसर चकाकी दिसते. ती हवेतल्या गंधकाने आणि दमटपणाने पृष्ठभागावर आलेली चांदी. कुरतडलेल्या जागा कसरीच्या, कारण तिला फोटोवरचं जिलेटिन आणि चिकटवायची खळ दोन्ही आवडतात. हे डाग चेहरा बघून पडत नाहीत. गालावरून कोटावर, कोटावरून पडद्यावर सारखेच पसरतात.

या गृहस्थांच्या गालावरचे ठिपके मात्र कानापाशी थांबले होते. प्रत्येकाच्या एका बाजूला बारीक सावली, आणि ती नाकाच्या सावलीच्याच दिशेला पडलेली. म्हणजे कागदावर काही पडलेलं नव्हतं, कातडीतच खड्डे होते. देवीचे व्रण. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. त्याआधीच्या फोटोंत असे चेहरे भेटणारच. काकांनी कोटावरची बुरशी काढली, पडद्यावरची भेग बुजवली आणि गालाला हात लावला नाही.

रंगांचीही हीच गत. एका सूनबाईंनी सासऱ्यांच्या आजीचा लग्नातला फोटो मोबाइलवर रंगवून आणला होता. नऊवारी काळी कुळकुळीत. “अहो, बोहल्यावर काळं कोण नेसेल?” काका हसले. त्या काळच्या निगेटिव्हच्या साध्या काचा निळ्या प्रकाशाला भुलायच्या आणि तांबड्याला जवळपास आंधळ्या असायच्या. त्यामुळे लाल लुगडं काळं उमटे, हळदी रंगही गडद येई, आणि कुणाचे घारे डोळे असतील तर भुतासारखे पांढुरके दिसत. सगळे रंग धरणाऱ्या काचा बाजारात आल्या १९०६च्या सुमाराला, आणि गावोगावी पोचायला आणखी वेळ लागला. त्या फोटोतली नथही उजव्या नाकपुडीत होती. आपल्याकडे ती डावीकडे घालतात. कधीतरी एन्लार्जमेंट करताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली असणार आणि तेव्हापासून आजीबाई भिंतीवर उलट्याच बसल्या होत्या. काकांनी फोटो सुलटा करून दिला. सूनबाईंना मात्र तो ‘काहीतरी वेगळाच’ वाटला.

अडचणी विचारल्यावर काका थांबेचनात. पहिली अडचण पावसाळ्याची. ओलीने जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि फ्रेमच्या काचेला चिकटून सुकतं. लोक सुरीने सोडवायला जातात आणि नाक काचेवर राहतं. फोटो पाण्यात बुडवावा, तर हाताने भरलेले रंग वाहून जातात. अशा वेळी ते काचेसकट स्कॅन करतात आणि मूळ फोटोला हातही लावत नाहीत.

दुसरी अडचण जुन्या कारागिरांची. तेही काही कमी नव्हते. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून व्रण बुजवायचे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो नसला, तर घोळक्यातून चेहरा उचलून स्टुडिओतल्या कोटावर बसवायचे, वर रंगाने मिशी रेखायचे. म्हणजे ‘मूळ’ फोटो तरी कितपत मूळ? अशा ठिकाणी काका जुन्या कारागिराचं कामही जपतात. ते काम शंभर वर्षं घराने आजोबा म्हणून पाहिलेलं असतं.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड: मोबाइलमधलं सॉफ्टवेअर. अस्पष्ट चेहऱ्यात ते तपशील शोधत नाही, इतर लाखो चेहरे पाहून शिकलेल्या अंदाजाने भरतं. ठिपके दिसले की गाल गुळगुळीत करतं, पापण्या लांबवतं. “माझं काम बघून लोक म्हणतात, काका, अजून जरा उजळ करा. मोबाइलवाला त्यांना विचारायच्या आधीच उजळ करून मोकळा.”

म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हात न लावलेला स्कॅन देतात, मग दुरुस्त केलेला. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव आणि नातं लिहायला सांगतात. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. ऐकणारे थोडे. कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतो तो गुळगुळीत चेहरा, आणि स्कॅन झाला म्हणून मूळ फोटो फ्रेमसकट भंगारात जातो. त्या पगडीवाल्यांना देवी येऊन गेल्या होत्या आणि ते त्यातून वाचले होते, हे त्यांच्या खापरपणतूला मग कुणालाही विचारता यायचं नाही. विचारावं असं त्या गालावर काही उरलेलंच नसेल.