स्टेजवरची खरखर आणि तिचा माग

कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्याशिवाय आज मुंबईच्या उपनगरांतला एकही मोठा कार्यक्रम उभा राहत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी असो, बोरिवली-घाटकोपरच्या मैदानांवरचा गरबा असो, की मुलुंडच्या कालिदास किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातली गाण्यांची मैफल असो. घरी तालमीत नीट वाजलेले वाद्य स्टेजवर आले की गप्प होते, खरखरते किंवा हात न लावता वाजू लागते. अशा वेळी दोष वाद्याला दिला जातो. प्रत्यक्षात वाद्यातले सर्किट बहुधा ठणठणीत असते. बिघाड असतो तो वीज, जोडणी, हवा किंवा हादरे यांपैकी कशात तरी.

सुरुवात विजेपासूनच करावी, कारण इथली चूक वाद्य कायमचे जाळते. मोठ्या मंडपात थ्री-फेज वीज घेतात. एका फेजवर दिवे, दुसऱ्यावर साउंड, तिसऱ्यावर स्टेज अशी वाटणी होते. परतीची न्यूट्रल वायर मात्र तिघांना मिळून एकच असते. या न्यूट्रलचा एखादा स्क्रू सैल झाला की फेजमधला समतोल ढळतो. जास्त भाराच्या फेजवर व्होल्टेज घसरते आणि कमी भाराच्या फेजवर ते 230 वरून थेट 400 च्या दिशेने चढते. दिव्यांच्या फेजवर हजारो वॅटचे हॅलोजन असतात, कीबोर्ड जेमतेम 10-20 वॅट घेतो. त्यामुळे वाढीव व्होल्टेजचा तडाखा नेमका कीबोर्डला बसतो. मीटरपर्यंतचा पुरवठा मुलुंडसारखा महावितरणचा असो की अंधेरीसारखा खासगी कंपनीचा, मीटरच्या पुढची मंडपातली वायरिंग तात्पुरतीच असते आणि धोका तिथे असतो.

उपाय साध्या मल्टिमीटरचा आहे. वाद्याची पिन लावण्याआधी बोर्डवर तीन मापे घ्यावीत. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास हवे, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. हा शेवटचा आकडा दहा-वीस दाखवत असेल तर वायरमनला बोलवावे, वाद्य लावू नये. ही मापे मंडपातले सगळे दिवे पेटवूनच घ्यायची. सैल न्यूट्रल भार नसताना अगदी शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे दुपारच्या उजेडात घेतलेले माप संध्याकाळी खोटे ठरते.

अडॅप्टरही तपासावा. कॅसिओच्या अनेक जुन्या कीबोर्डना 9 व्होल्टचा, पिनच्या मध्यभागी ऋण टोक असलेला अडॅप्टर लागतो. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना 12 व्होल्टचा, मध्यभागी धन टोक असलेला. पिन दिसायला सारखीच असली तरी घाईत केलेली अदलाबदल महागात पडते.

वीज ठीक असूनही स्पीकरमधून संथ घरघर येत असेल, तर ती बहुधा 50 हर्ट्झच्या विजेचीच असते. कीबोर्ड एका बोर्डवर आणि मिक्सर लांब दुसऱ्या बोर्डवर असला, की अर्थिंग आणि ऑडिओ केबल मिळून एक मोठे वर्तुळ तयार होते. दोन्हीकडच्या अर्थमधला थोडासा फरक त्यातून प्रवाह फिरवतो आणि तो ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली, तर वाट सापडली. दोन्ही साधने एकाच बोर्डवर घेणे किंवा मध्ये हे वर्तुळ तोडणारा ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावणे हा इलाज. तीन पिनांतली अर्थची पिन मोडून घरघर घालवण्याची जुनी पद्धत मात्र जीवघेणी आहे. ओठ माइकला आणि बोटे तारांना लागलेली असताना कलाकार स्वतःच अर्थची वाट बनतो.

वाद्यांना एकमेकांशी संदेशांनी जोडणाऱ्या, 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीने या घरघरीचा विचार आधीच केला होता. तिच्या पाच पिनांच्या जोडणीत संदेश घेणाऱ्या वाद्याच्या तोंडाशी ऑप्टोकपलर असतो. संदेश प्रकाशाने पुढे जातो, तार तारेला भेटत नाही. मिडीच्या उभारणीसाठी रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला. यूएसबी जोडणीत ही सोय सहसा नसते.

बेंजोची घरघर वेगळी. बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे तारांखाली चुंबकीय पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. पिकअपमधले तारेचे वेटोळे दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट उचलते. वाद्य हातात धरून हळूहळू फिरवावे. आवाज कमी-जास्त झाला तर केबल बदलून उपयोग नाही, जागाच बदलावी.

आवाजच येत नसेल तर साखळी मधोमध तोडून तपासावी. कीबोर्डपासून स्पीकरपर्यंत आठ दुवे धरले, तर प्रत्येक चाचणीत निम्मे बाद होतात आणि तीन चाचण्यांत दोषी दुवा हाती लागतो. दर वेळी एकच गोष्ट बदलायची. घाबरून केबल, चॅनेल आणि अडॅप्टर एकदम बदलले की आवाज परत येतो, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि ती खराब केबल पुन्हा पेटीत जाते. मध्येच जाणारा-येणारा आवाज असेल तर जॅकपाशी केबल हलवून पाहावी. टेम्पोच्या धक्क्यांनी सॉकेटच्या सोल्डरला बारीक तडे जातात आणि समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत जॅकवर गंज धरतो.

हवेचा दुसरा त्रास म्हणजे दव. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना दवबिंदू सुमारे 26 अंशांवर येतो. 22 अंशांच्या एसी गाडीतून किंवा हॉलमधून बाहेर काढलेल्या कीबोर्डवर, आणि आतल्या बोर्डवरही, पाणी धरते. वाद्य बंद पेटीतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत ठेवावे, मग चालू करावे. एखादीच पट्टी मुकी झाली किंवा कानठळ्या बसवू लागली, तर तिच्याखालच्या रबराच्या संपर्कावर धूळ असते. पट्टीखालचे दोन संपर्क किती वेळाच्या अंतराने जुळले यावरून कीबोर्ड जोर मोजतो. एक मळला की मोजणी चुकते. ही सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने घरीच करायची, स्टेजवर नाही.

ऑक्टोपॅड आपोआप वाजत असेल तर सबवूफरकडे पाहावे. पॅडखालचे सेन्सर हादरा मोजतात, मग तो काठीचा असो वा सबवूफरने हललेल्या स्टेजच्या फळीचा. स्टँडच्या पायांखाली जाड फोम आणि सेटिंगमध्ये थोडा वाढवलेला थ्रेशोल्ड, म्हणजे पॅड वाजायला लागणारा किमान जोर, बहुधा पुरतो.

उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री 10 वाजता, आणि सवलतीच्या मोजक्या दिवशी 12 वाजता, ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. बिघाडात गेलेली वेळ भरून मिळत नाही. म्हणून मंडळांनी कलाकारांना निदान एक तास आधी, सगळे दिवे चालू करून, स्टेज मोकळे द्यावे.