घरच्या सर्व्हरचं झेडएफएसवर स्थलांतर

डिस्क बंद पडली तर निदान कळतं तरी. खरी भीती मूक बिघाडाची आहे. डिस्कवरचे काही बिट उलटतात, फाइल यादीत जागेवरच दिसते. पण उघडावी तर आजीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा. तोवर बॅकअपमध्येही तीच खराब प्रत गेलेली असू शकते.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ साली झेडएफएसवर काम सुरू केलं. ही फाइल सिस्टिम डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, काढते आणि तो त्या ब्लॉकशेजारी न ठेवता, त्याचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. मला यातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते: आरोपी आणि साक्षीदार एका खोलीत नसतात. वाचताना चेकसम जुळला नाही, तर तोच डेटा ठेवणाऱ्या जोडीच्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन ती बिघाड स्वतःच दुरुस्त करते.

जुन्या डिस्कवरचा डेटा तसाच ठेवून तिथे झेडएफएस बसवता येत नाही. नव्या डिस्का जोडीने लावून पूल, म्हणजे त्यांचा एकत्रित साठा, बनवा, आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने फाइली उतरवा आणि मग चेकसमचा पर्याय देऊन तीच आज्ञा पुन्हा चालवा. एरवी आरसिंक फक्त तारीख नि आकार पाहतं. आता दोन्हीकडचा मजकूर ताडून पाहील. वेळ लागेल, लागू द्या. आधीच बिघडलेली फाइल मात्र झेडएफएस तितक्याच निष्ठेने जपेल, म्हणून महत्त्वाचे फोटो उघडून पाहा. त्यानंतर दर महिन्याला स्क्रब, म्हणजे सगळ्या ब्लॉकची चेकसम-तपासणी, लावा आणि एक बॅकअप घराबाहेर ठेवा. चुकून पुसलेली फाइल जोडीच्या दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते.