घरच्या कुत्र्याचे शिक्षण

कुत्रा हा मनुष्याचा फार प्राचीन सोबती होय. आमच्या वेळापूरच्या आसपास मेंढरांच्या कळपामागे, शेतातील वस्तीवर व गावच्या अंगणात तो नित्य दृष्टीस पडतो. परंतु त्याच्याकडून राखण करून घेणारे पुष्कळ, त्यास शिकविणारे थोडे. शिकवावयाचे म्हणजे काठी उगारावयाची, अशीच बहुतेकांची समजूत असते. ती का चुकीची, व शिक्षण द्यावे कसे, हे येथे थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी मांजरे, कुत्री इत्यादी प्राण्यांवर प्रयोग करून १९११ साली असा सिद्धांत मांडला की, ज्या कृतीपाठोपाठ सुख लाभते ती कृती प्राणी पुनः करू लागतो. मात्र 'पाठोपाठ' हा शब्द विसरता कामा नये. समजा, कुत्रा बाहेर भटकला, तासाभराने हाकेसरशी परत आला, आणि आपण त्यास बदडले. आपल्या मते ही भटकण्याची शिक्षा. पण कुत्र्याच्या मते ती धन्याजवळ येण्याची शिक्षा! पुढच्या खेपेस तो हाक ऐकूनही दूर राहील, यात नवल ते काय?

आता 'बैस' हा पहिला पाठ घेऊ. भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा त्याच्या नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होताच त्याचा मागील भाग आपोआप खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी 'शाब्बास!' म्हणून तुकडा द्यावा. असे काही वेळा साधल्यावर हात हलविण्यापूर्वी 'बैस' हा शब्द उच्चारावा. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजोबांनी 'बैस', ताईने 'खाली' व धाकट्याने तिसरेच काही म्हटले, तर बिचाऱ्याने काय समजावे? एक पाठ पाच मिनिटांहून लांबवू नये. पाठ पक्का झाला की तुकडा कधी द्यावा, कधी देऊ नये. शाबासकी मात्र नेहमी द्यावी.

दुसरा पाठ 'ये' हा. तो प्रथम शांत अंगणात, मग लांब दोरी बांधून रस्त्याकडेला द्यावा. हाकेस आलेल्या कुत्र्यास कधीही रागे भरू नये. मुधोळ अथवा कारवानी जातीचा कुत्रा असल्यास येथे विशेष धीर हवा. नजरेने सावज हेरून धावणे हा त्याचा जन्मस्वभावच आहे.

बक्षिसाच्या खाऊविषयी एक इशारा. द्राक्षे, बेदाणे व कांदा या आपल्या सोलापूर जिल्ह्यातील विपुल वस्तू. पण त्या कुत्र्यास विषासमान आहेत. चॉकलेटही तसेच.

ही पद्धत केवळ लाडाची आहे, असे कोणी समजू नये. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुडकून असंख्य जीव वाचविणारा पोलीस खात्याचा 'जंजीर' हा कुत्रा पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. वास ओळखणाऱ्या कुत्र्यांस आज सर्वत्र शोध लागताच खेळणे, खाऊ वा शाबासकी देऊनच तयार करतात. माराच्या भीतीने कोणी मनापासून शोध घेत नाही.

आपल्या गावी तर या शिक्षणाचे महत्त्व अधिकच. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरास मुक्कामी येते. टाळमृदंगाचा घोष व लोकांची दाटी यांनी शिकलेला कुत्राही बिचकतो. म्हणून त्या दिवशी त्यास घरातच बांधावे. मार खाऊन भेदरलेला कुत्रा अशा वेळी चावण्याचा संभव अधिक. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. कारण श्वानदंशाचा रोग एकदा उमटला की बहुधा प्राणघातकच ठरतो. कुत्र्यासही प्रतिवर्षी लस टोचून घ्यावी.

हे सर्व करण्यास पैसा लागत नाही. लागतो तो नियमितपणा. पालकांनी हे काम मुलांकडे अवश्य सोपवावे, मात्र लहान मुलांजवळ स्वतः उभे राहावे. रोज पाच मिनिटे रागास आवर घालून दुसऱ्याचे चांगले तेवढे हेरण्याची सवय लागली, तर या शाळेत कुत्र्याबरोबर मुलेही शिकतील.