सॉफ्टवेअरचा सेटअप आणि डिजिटल स्वाक्षरी : एक विवेचन

प्रस्तावना

पाचोडसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयात ग्रंथालयाची प्रणाली असो वा एखाद्या प्राध्यापकाने स्वतः तयार केलेले हजेरीचे सॉफ्टवेअर असो, त्याचा प्रवास बहुधा पेनड्राइव्हमधूनच होतो. सेटअप सुरू करताच विंडोज ‘प्रकाशक अज्ञात’ असा इशारा देते आणि वापरणारा ‘होय’ दाबून मोकळा होतो. या इशाऱ्याचा अर्थ काय आणि सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने तो कसा दूर करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डिजिटल स्वाक्षरी पैठण तालुक्यातील शेतकऱ्यालाही आता अपरिचित नाही. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन देण्यास प्रारंभ झाला. स्वाक्षरीनंतर मूळ फाइलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणीत ते उघडकीस येते. सेटअपच्या स्वाक्षरीचे तत्त्वही हेच आहे.

सेटअपची बांधणी व स्वाक्षरी

मुख्य प्रोग्राम, त्याच्या सहायक फाइल्स, मराठी फॉन्ट आणि डेटाबेस यांना एकत्र बांधण्यासाठी ‘इनो सेटअप’ किंवा ‘विक्स’ ही साधने वापरली जातात. सर्व वापरकर्त्यांसाठी फॉन्ट बसवायचा तर प्रशासकाचे अधिकार लागतात. म्हणजेच त्या क्षणी सेटअपच्या हाती संपूर्ण संगणक सोपविला जातो. येथेच स्वाक्षरीचा प्रश्न निर्माण होतो.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘ऑथेंटिकोड’ ही पद्धत आणली. तीत फाइलचा गणिती सारांश, म्हणजेच हॅश, काढून त्यावर खासगी किल्लीने स्वाक्षरी केली जाते व प्रकाशकाचे प्रमाणपत्र सोबत जोडले जाते. क्रम महत्त्वाचा आहे. आतील प्रोग्रामवर आधी स्वाक्षरी करावी, मग सेटअप बांधावा आणि शेवटी सेटअपवर स्वाक्षरी करावी. कालमुद्रा घेण्यास विसरू नये. अन्यथा प्रमाणपत्राची मुदत संपताच जुनी स्वाक्षरीही निरुपयोगी ठरते. प्राचार्यांचे कागदपत्रांवरील स्वाक्षरीचे टोकन येथे चालत नाही. प्रमाणपत्रातच त्याचा उपयोग नमूद असतो आणि सॉफ्टवेअरसाठी वेगळे प्रमाणपत्र शुल्क भरून घ्यावे लागते.

स्वाक्षरीची मर्यादा

स्वाक्षरी प्रकाशकाची ओळख पटविते, त्याच्या सचोटीची हमी देत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’मध्ये रिअलटेक कंपनीच्या चोरलेल्या किल्लीने स्वाक्षरी केलेल्या फाइल्स होत्या. २०१७ मधील ‘सीक्लीनर’चे प्रकरण त्याहून बोलके आहे. तेथे स्वाक्षरी कंपनीचीच होती. मात्र घातक भाग स्वाक्षरीपूर्वीच, बांधणीच्या टप्प्यावर, आत शिरला होता. सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांकडे ती आवृत्ती पोहोचली. त्यामुळे ज्या संगणकावर सेटअप बांधला जातो, तो प्रयोगशाळेतील सर्वांच्या वापराचा संगणक नसावा. १ जून २०२३ पासून तर अशा प्रमाणपत्राची किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवणे बंधनकारक झाले आहे.

प्रमाणपत्राचा खर्च परवडत नसेल, तर सेटअपचा ‘एसएचए-२५६’ हॅश जाहीर करावा. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ आज्ञेने तो कोणालाही पडताळता येतो. मात्र तो सेटअपसोबत त्याच पेनड्राइव्हमध्ये देऊ नये. फाइल बदलणारा हॅशही बदलू शकतो. विभागाच्या सूचनाफलकावर तो स्वतंत्रपणे लावावा.