ताग

श्रावणातले दिवस होते. आमच्या शाळेमागच्या शेतात कंबरेच्याही वर वाढलेले पीक पिवळ्याजर्द फुलांनी डवरले होते. आणि शेताचा धनी त्याच उभ्या पिकात नांगर घालीत होता. ते पाहून वर्गातील एक मुलगा कळवळून म्हणाला, "गुरुजी, काका फुललेले पीक का हो मोडताहेत?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या रोपांच्या मुळाशी होते.

ते पीक तागाचे होते. काही भागांत त्यालाच बोरू म्हणतात; संस्कृतातील शण तो हाच. (भूगोलाच्या पुस्तकात येणारा बंगालचा ताग मात्र निराळा. त्याचे कूळच वेगळे. पण नाव एक, म्हणून पुष्कळांची फसगत होते.) आपला ताग हा तूर, हरभरा, वाटाणा यांचा भाऊबंद. त्याची शेंग वाळली की आतले दाणे सुटे होतात आणि हलविताच खुळखुळतात.

आम्ही एक रोप उपटून पाहिले. मुळांवर बारीक गाठी होत्या; नखाने एक फोडली, तर आत गुलाबी छटा दिसली. या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. हवेत शेकडा 78 भाग नत्रवायू असतो. परंतु वनस्पतींना तो जसाच्या तसा घेता येत नाही. घरात धान्याची रास असावी आणि जाते नसावे, तशी त्यांची गत! जात्याचे काम हे जिवाणू करतात. ते रोपाला नत्र पुरवितात आणि रोप त्यांना आपल्या पानांत तयार झालेली साखर देते. 1888 मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींतून वेगळे करून दाखविले.

पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी ताग फुलू लागतो. तेव्हा खोड कोवळे असते. मातीत गाडले की लवकर कुजते व नत्र जमिनीत मिसळते. यालाच हिरवळीचे खत म्हणतात. उशीर झाला, तर खोड काष्ठमय होऊन लवकर कुजत नाही. मात्र कुजण्यास ओल हवी. गाडल्यावर पावसाने ओढ दिली, तर खरीपही गेला आणि खतही गेले, असे होते. ज्याच्याजवळ दोनच एकर जमीन, त्याच्या घरात त्या हंगामात त्या शेतातून एक दाणा येत नाही. ते काका नांगरामागून इतके गप्प का चालले होते, हे आता ध्यानात येईल.

वाखासाठी लावलेला ताग मात्र पुढे वाढू देतात. काड्या काही दिवस पाण्यात भिजविल्या की साल सैल होते. तिच्यापासून निघणाऱ्या चिवट वाखाचे दोर, सुतळी आणि मासे धरण्याची जाळी होतात. उत्तर प्रदेशात त्याच्या फुलांची भाजीही करतात. बिया मात्र गुरांना चारू नयेत; त्यांत विषारी अंश असतो.

त्या वर्षी पावसाने साथ दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा त्या शेतात शाळू गुडघ्याच्या वर आला होता. तो मुलगा मधल्या सुट्टीत बांधावर जाऊन मातीत कोठे एखादी पिवळी पाकळी दिसते का, ते शोधीत असे.