अंधाऱ्या रानासाठी दुर्बीण निवडताना

थळ (ता. अलिबाग) : समोरच्या समुद्रातील खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग आणि गावालगतचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना, या दोन गोष्टींमुळे थळ हे गाव शहरी वाचकाला परिचित असते. मात्र किनाऱ्याच्या वाड्या मागे टाकून आत वळले, की कनकेश्वरचा झाडीने भरलेला डोंगर लागतो. किनाऱ्यावर लख्ख उजेड असताना दाट झाडीत संध्याकाळ केव्हाच झालेली असते. तिथे जनावर वा पाखरू दिसते ते वीस-तीस पावलांवर, फांद्यांच्या जाळीआड आणि क्षणभरच. अशा ठिकाणी कोणती दुर्बीण उपयोगी पडेल, हा प्रश्न एकेकाळी शिकाऱ्यांचा होता. आज तो पक्षी-निरीक्षकांचा आणि वन्यजीवप्रेमींचा आहे.

या स्थित्यंतराला याच किनाऱ्याचा इतिहास साक्षी आहे. थळच्या उत्तरेस काही किलोमीटरवर किहीम आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी टिपणाऱ्या सालिम अली यांनी 1930 मध्ये याच किहीमला मुक्काम ठोकून सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि त्या निरीक्षणांनी पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. अलिबागच्या दक्षिणेस मुरूड-रोहा परिसरातील फणसाडचे जंगल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. त्याआधीच, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशात शिकारीवर कडक निर्बंध आले होते. बंदूक गेली, पण अंधुक उजेडात जवळचे नीट पाहण्याची गरज तशीच राहिली.

मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण नव्हे

दुर्बिणीवर 8×42 किंवा 10×50 असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुकानात ग्राहकाची नजर साहजिकच पहिल्या आकड्यावर जाते. रानात मात्र या दोन आकड्यांचा भागाकार महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. 8×42 मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, 10×42 मध्ये 4.2 मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या 8×25 मध्ये जेमतेम तीन मिलिमीटर भरते.

भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. त्यामुळे तेव्हा या दुर्बिणींच्या उजेडात फारसा फरक जाणवत नाही. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. पन्नाशीनंतर ती बहुधा पाचच्या आसपास थांबते. म्हणजे तिन्हीसांजेला 8×25 डोळ्याची भूक भागवू शकत नाही. तेवढ्याच पटीची 8×42 तिच्या पावणेतीन पटींहून अधिक प्रकाश देते. दर्यावर्दींची आवडती 7×50 याहून उजळ असली, तरी तिचे वजन मोठे असते. शिवाय पन्नाशीच्या डोळ्याला तिच्या सात मिलिमीटरच्या झोतातला बराचसा प्रकाश वापरताच येत नाही.

परदेशात जिथे कायदेशीर शिकार होते, तेथील जाणकारही झाडीतल्या जवळच्या शिकारीसाठी रायफलवर कमी पटीची दुर्बीण पसंत करतात. त्यामागचे दुसरे कारण दृश्याची रुंदी हे आहे. साधारण 8 पटीच्या दुर्बिणीतून तीस मीटरवर सुमारे चार मीटर रुंदीचे दृश्य दिसते. पट वाढवली, की हा पट्टा अरुंद होतो, हाताचा कंप अधिक जाणवतो आणि फांदीवरून उडालेला पक्षी पुन्हा सापडत नाही. म्हणून कोकणातल्या झाडीसाठी 7 ते 8 पट आणि 40 मिलिमीटरच्या आसपासचे भिंग हा समतोल पर्याय ठरतो. 10 पटीची दुर्बीण खाडीकिनारी किंवा खुल्या माळावर शोभते.

काचेवरचा लेप आणि कोकणातली बुरशी

समान आकड्यांच्या दोन दुर्बिणींच्या किमतीत मोठी तफावत का असते? याचे एक उत्तर भिंगांवरील लेपात आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांश प्रकाश गळतो. झाईस कंपनीचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला आणि हे नुकसान खूपच घटले. सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप असलेली दुर्बीण घ्यावी. भिंगांवर नुसती लालभडक चकाकी दिसली, तर भुलू नये.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते आणि ती काढणे खर्चिक होते. त्यामुळे आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घेणे हिताचे. घरी ती चामड्याच्या पेटीत कोंडून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा नेत्रभिंगापासून किमान 15 मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण दृश्य दिसते का, हे पाहावे.

खरेदीला शक्यतो संध्याकाळी जावे. दुकानाबाहेर उभ्या मोटारीखालचा अंधारा भाग किंवा झाडाचा गर्द शेंडा दोन-तीन दुर्बिणींतून आळीपाळीने पाहावा. मग दुर्बीण हातभर दूर धरून नेत्रभिंगातला उजेडाचा ठिपका निरखावा. तो पूर्ण गोल असावा. कडा कापलेल्या दिसल्या, तर आतल्या लोलकाशी काटकसर झाली आहे असे समजावे.

दिसणे आणि ओळखणे

हा विषय केवळ छंदाचा नाही. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केल्याची शेतकऱ्याची तक्रार खरी असते. उपद्रवी रानडुकराबाबतही वनखात्याच्या परवानगीनेच कारवाई करता येते. तरीही चोरटी शिकार थांबलेली नाही. 2025 च्या सुरुवातीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या गटातील एकाचा, रानडुक्कर समजून सोबत्यानेच झाडलेल्या गोळीने मृत्यू झाला. अंधुक उजेडात मेंदू अपुऱ्या आकृतीत आपल्याला हवे ते भरतो. झुडपामागची हालचाल म्हणजे जनावरच, असे मनाने आधीच ठरवलेले असते. बंदुकीवरची दुर्बीण अशा वेळी धोका वाढवते, कारण तिच्यातून पाहणे म्हणजेच नळी रोखणे.

हातातल्या दुर्बिणीचा मोठेपणा नेमका इथेच आहे. चूक झाली, तर रातव्याला घुबड म्हटले जाईल आणि वहीतली एक नोंद खोडावी लागेल. त्यापलीकडे कोणाचेही काही बिघडणार नाही.